टर्कीचे डोळे

कुवेतला तू काय करायचास, असं गावात कोणी विचारलं की मी सरळ सांगायचो, पक्ष्यांत पेंढा भरायचो. समोरचा हसायचा. त्याला वाटायचं, मी चेष्टा करतोय किंवा सांगायला लाज वाटावी असं काही काम करत होतो. आमच्या पंचक्रोशीतले बाकीचे सगळे तिकडे वेल्डर, सुतार, ड्रायव्हर अशा सभ्य कामांवर होते. पेंढावाला मी एकटाच. खरं तर पेंढाही नसायचा. सुताराच्या रंध्याखालून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून आम्ही पक्ष्याचं अंग तयार करायचो, त्यात तारा घालायचो आणि वरून कातडं चढवायचो. पण एवढं ऐकून घ्यायला वेळ कोणाला असतो!

मी मूळचा गणपतीच्या शाळेतला. शाळा म्हणजे आमच्या कोकणात मूर्ती घडवण्याची जागा. आमची शाळा घराच्या पडवीत होती आणि बाबा दरवर्षी दीडशेच्या आसपास गणपती करायचे. माती मळण्यापासून रंग भरण्यापर्यंत घरातले सगळे हात लागायचे, पण डोळे आखायचे फक्त बाबा. तेही अगदी शेवटी. पीतांबर, दागिने, सोंडेवरची नक्षी, सगळं झालं की बाबा आंघोळ करून पडवीचं दार लावून घ्यायचे आणि मग कोणी बोलायचं नाही. डोळे आधी आखले तर मूर्ती अर्धवट असतानाच जागी होते, असं आमच्याकडे मानतात. पुढे बाबांचा हात कापायला लागला आणि डोळे माझ्याकडे आले. मी बरे आखायचो. बरे म्हणजे चांगलेच, उगाच नम्रपणा कशाला!

लग्नानंतर सहा महिन्यांत मी कुवेतला गेलो, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. इमारतींना रंग देण्याचा करार होता. एका दुकानाच्या भिंती रंगवताना तिथल्या इजिप्शियन उस्तादाने भरलेला बहिरी ससाणा मला दिसला. त्याच्या पायांना त्याने हळदीसारखा पिवळाजर्द रंग फासला होता. मला राहवेना. मी खुणांनीच सांगितलं की, हे चूक आहे, रंग असा सपाट नसतो. त्याने रागाने ब्रश माझ्या हातात कोंबला. अर्ध्या तासाने तो ससाण्याकडे पाहत होता आणि मी पुन्हा भिंतीकडे वळलो होतो. महिन्याभरात मी भिंती सोडून त्याच्या दुकानात होतो.

तिथे दोन प्रकारचं काम यायचं. एक, पाळलेले ससाणे. मेले की मालकांना मुलगा गेल्यासारखं दुःख व्हायचं आणि ते ससाणा बर्फात घालून आमच्याकडे आणायचे. दुसरं, शिकारीतले पक्षी, बहुतेक हुबारा. हा आपल्या माळढोकाचा धाकटा चुलतभाऊ. कातडं काढणं, अंग बनवणं, डोळे बसवणं हे सगळं उस्ताद आतल्या टेबलावर एकटाच करायचा, दाराकडे पाठ करून. पक्षी वाळून कडक झाला की मग माझ्या हातात यायचा. चोच, पाय, डोळ्यांभोवतीची कातडी रंगवायची, खाली खडक किंवा फांदी बनवायची, एवढं माझं काम. प्रत्येक पक्षी माझ्याकडे येताना डोळे लावूनच यायचा. मला ते पहिल्यापासून खटकायचं. वाटायचं, ह्या माणसाला कसली घाई आहे? अजून रंगाचा पत्ता नाही आणि डोळे आधीच! पण परक्या मुलुखात आपण किती बोलणार, म्हणून गप्प बसायचो.

करारात दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा होती. म्हणजे पहिली दोन वर्षं चतुर्थीला मी गावी नव्हतो आणि बाबांनी कापऱ्या हाताने कसेबसे डोळे आखले. पहिल्या वर्षी लोकांनी चालवून घेतलं. दुसऱ्या वर्षी खालच्या वाडीतल्या एका घराने गणपती तिरळा आहे म्हणून सरळ परत पाठवला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बायकोने पत्रात लिहिलं की, बाबा चार दिवस नीट जेवले नाहीत. तालुक्याला पेणच्या गणपतींचे ट्रक उतरायला लागले होते, साच्यातले, एकजात सुबक. आणखी एक वर्ष असं गेलं असतं तर आमची शाळा बंदच पडली असती. तेव्हा तिसऱ्या वर्षी जुलैमध्ये मला घरी पोचायचंच होतं. त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटी होते. महबूला भागातल्या माझ्या खोलीत मी भिंतीवर कालनिर्णय टांगलं होतं आणि येता-जाता ते चाळायचो, जसं काही मी न बघितलेल्या वेळी तारखा इकडेतिकडे सरकणार होत्या. माझ्या खोलीत रत्नागिरीकडचा एक मुसलमान गृहस्थ होता, भाजीची गाडी चालवायचा. तो वैतागून म्हणायचा, "अरे बस की जरा एका जाग्यावर! विमान काय तुझ्या फेऱ्या मोजून सुटणार हाय?"

मे महिन्याच्या सुरुवातीला सबाह अल-सालेम भागातलं एक गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा कुवेती, अमेरिकेत शिकलेला. दरवर्षी वसंतात तो तिकडच्या जुन्या मित्राकडे जंगली टर्की मारायला जायचा, पण सहा वर्षांत त्याला एकही नर मिळाला नव्हता. यंदा मिळाला होता. तिथेच कातडं काढून, मीठ लावून, वाळवून त्याने ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणलं होतं. उस्तादाने खोकं उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. टर्की म्हणजे एक मोठी काळी कोंबडी, अशी माझी समजूत होती. पण त्या पिसांवर तांब्यासारखा, हिरवा, सोनेरी असे रंग हलत होते आणि छातीवर घोड्याच्या केसांसारखा राठ झुबका होता. डोकं मात्र सुकून खारकेसारखं झालेलं. गिऱ्हाइकाला तो दिवाणखान्यात ठेवायचा होता, शेपूट फुलवलेल्या ऐटीत. तो उन्हाळ्यात बाहेरगावी जाणार होता, त्याआधी त्याला पक्षी हवा होता.

नेमकं तेव्हाच उस्तादाच्या मुलीचं लग्न ठरलं. तो म्हणाला, मी मेअखेरीस पाच आठवडे कैरोला जातो, ही टर्की तू कर. मी आल्यावर तू जा. माझी रजा त्याच्या हातात आणि माझा पासपोर्ट दुकानाच्या कुवेती मालकाकडे, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. एकदा तरी पक्षी नीट, पद्धतशीर करून दाखवतो म्हटलं.

मी जीव ओतून काम केलं. कातडं भिजवून मऊ केलं, धुतलं, केस वाळवायच्या यंत्राने एकेक पीस फुलवलं. अंग तीनदा उलगडून पुन्हा बांधलं. शेपटीचा पंखा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत धरून आठ दिवस तसाच ठेवला. डोक्याच्या कातडीत माती भरून आकार आणला. काचेचे डोळे डबीतच राहू दिले. डोळे शेवटी, आमच्या पद्धतीने. तीन आठवड्यांनी सगळं कडक वाळलं. मग मी रंग दिला, पाय, चोच, मानेवरच्या गाठी. आणि एका सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी, दुकानाचं दार आतून लावून डोळे बसवायला घेतले.

बसेनात. पापण्यांची कातडी वाळून आत ओढली गेली होती आणि डोळ्यांची भोकं वाटाण्याएवढी उरली होती. मी ओला कापूस ठेवून पाहिला. दोन तास वाट पाहिली, मग धीर सुटला आणि सुईने जरा ताण दिला, तर उजवी पापणी फाटली. डाव्या बाजूचंही तेच. दोन वर्षं ज्याला मी मनातल्या मनात घाईचा म्हणत होतो, तो उस्ताद कातडी ओली असतानाच डोळे का बसवायचा, हे मला त्या क्षणी कळलं. मी खाली फरशीवर बसलो आणि स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

पण हार मानायचा माझा स्वभाव नाही. मी फाटकी कातडी कापली, काचेचे डोळे घातले आणि मेणाने नव्या पापण्या घडवल्या. त्या घडवताना हात आपोआप ओळखीच्या वाटेने गेला. दुसऱ्या दिवशी मी लांबून पाहिलं आणि मला तो पक्षी आवडला. त्याच्या चेहऱ्यावर शांतपणा होता. फोनवर बाबांना मी सांगितलंसुद्धा की, काम झालं, दहा जुलैला निघतो.

गिऱ्हाईक बघायला आलं. पंखा पाहून त्याचा चेहरा उजळला, झुबक्याला त्याने हात लावला, मग डोक्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तो स्टूल ओढून बसला आणि हिंदी-इंग्रजीत मला ती सकाळ सांगायला लागला. उजाडायच्या आधी तो एका झाडाला टेकून बसला होता. लाकडाची छोटी डबी घासून त्याने मादीचा आवाज काढला. दूरवरून नराने उत्तर दिलं. ह्याने पुन्हा आवाज काढला. नर थोडा पुढे आला, थांबला, फुलला, परत फिरला, पुन्हा आला. असं तासभर. त्याला यायचंही होतं आणि धोक्याचा वासही येत होता. डोकं कधी पांढरं पडे, कधी निळं, कधी लाल. डोळा एका ठिकाणी ठरत नव्हता. "मी सहा वर्षं त्या डोळ्यासाठी गेलो," तो म्हणाला. मग माझ्या कामाकडे बोट करून म्हणाला, "हा माझा पक्षी नाही. हा मला आशीर्वाद देतोय."

मला रागच आला. स्वतःचाच, पण तो बाहेर पडला त्याच्यावर. मी म्हटलं, मेलेला पक्षी शांत दिसला तर बिघडलं कुठे? तो उठला आणि उस्ताद आल्यावर येतो म्हणून निघून गेला. तो खरं तेच बोलला होता. मी त्या टर्कीला गणपतीचे डोळे दिले होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात उस्ताद परतला. त्याने डोकं हातात धरून फिरवलं आणि ओरडला, "अव्वल आँख! अव्वल आँख, बादेन सब! दो साल क्या देखा तुम?" म्हणजे आधी डोळे, मग बाकी सगळं. मी काय सांगणार, की तुझ्या पाठीमुळे काही दिसलं नाही? की दिसलं असतं तरी मी ऐकलं नसतं? मी आमच्या पद्धतीचं काहीतरी सांगायला गेलो. त्याने हात झटकला. रजा ही टर्की पुरी झाल्यावर, असं तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

नवीन डोकं हवं होतं. अमेरिकेतून मागवलं असतं तर दोन महिने गेले असते. वफ्राच्या शेतांवर लोक टर्की पाळतात, तिथलं डोकं चालेल असं उस्तादाने गिऱ्हाइकाला उघडच सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अंग अमेरिकेतलं, डोकं वफ्रातलं. माझंही तसंच आहे. करा." त्याचा बाहेरचा प्रवासही कशामुळे तरी पुढे गेला होता, त्यामुळे त्याला आता घाई नव्हती. घाई होती ती फक्त मला.

खोलीतल्या गृहस्थाच्या भाजीच्या गाडीतून मी वफ्राला गेलो. जुलैचं ऊन, गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. हरितगृहांच्या मागे, खजुरीच्या सावलीत जाळीचं खुराडं होतं आणि त्यात सात-आठ टर्की. रखवालदार म्हणाला, कुठला हवा तो दाखवा, आत्ता कापून देतो. मी म्हटलं, थांब, आधी बघू दे. मी जाळीपाशी बसलो. एक नर सारखा जाळीच्या कडेने फिरत होता. एका टोकाला जायचा, फुलायचा, पंख जमिनीला घासायचा, काही नाही म्हणून परत. डोकं बघता बघता निळं व्हायचं, कपाळ पांढरंफटक. तपकिरी डोळा सतत काहीतरी शोधत होता, पण जाळीबाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. दोन तास मी तिथून उठलो नाही. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. त्या पक्ष्याचं मला फार वाईट वाटलं, आणि बोट दाखवताना मी त्याच्याकडेच दाखवलं. रखवालदार आत शिरला तेव्हा मी पाठ फिरवली.

ह्या वेळी डोळे आधी बसवले. उस्ताद शेजारी उभा राहिला, पहिल्यांदाच. ओल्या मातीत काच बसवायची, सुईने पापणी हलकेच वर ओढायची, आणि डोळा पाहणाऱ्याकडे नाही, जरा पुढे, कुठेतरी बघत ठेवायचा. मला ते जमलं. पण मग वाळायला तीन आठवडे. ते तीन आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. जेवताना मधेच उठायचो, दुकान बंद झाल्यावर महबूलाच्या किनाऱ्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो, खोलीतली बॅग रोज भरायचो आणि त्यातलंच काहीतरी काढून वापरायचो.

शुक्रवारी गावी फोन करायचो, आमच्या घराशेजारच्या दुकानात. बाबा येऊन थांबलेले असायचे. मी ओरडून विचारायचो, डोळ्यांचं काय? बाबा शांतपणे म्हणायचे, "गणपतीक डोळे गावतले. तू तुझा काम कर." मला चीड यायची. म्हटलं, मिळतील म्हणे, म्हातारा देवावर हवाला ठेवून बसलाय. मग बायको फोनवर यायची. ती म्हणायची, "होता हा सगळा. तुमी येवा सावकाश." सगळं होतंय, सावकाश या म्हणे! तिला काय कळतंय, असं मी मनात म्हणायचो. तिच्या माहेरी शाळा नव्हती, ती पीतांबरात रंग भरायची तेवढंच.

गिऱ्हाईक टर्की न्यायला आलं तेव्हा ऑगस्टचा तिसरा आठवडा सुरू झाला होता. तो पक्ष्यासमोर उभा राहिला, एक पाऊल मागे सरला आणि माझा हात धरून हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र फक्त पासपोर्ट दिसत होता.

मुंबईहून एस.टी.ने गावी पोचलो तेव्हा चतुर्थीला चार दिवस उरले होते. बसमध्येच मी हिशेब केला होता, दिवसाला पस्तीस-चाळीस मूर्ती, झोप सोडली तर जमेल. बॅग अंगणात टाकून मी तसाच पडवीत शिरलो.

सगळ्या मूर्तींना डोळे होते. मी एकेकीसमोर जाऊन वाकून पाहिलं. चूक शोधत होतो, खोटं कशाला बोलू! एकही तिरळा नव्हता. पापणीची रेघ एका दमात ओढलेली होती, माझ्यापेक्षा बारीक. नजरेत अशी माया होती की मला तिथून बाजूला होववेना. मागे बाबा येऊन उभे राहिले होते. मी विचारलं, "कोणी?" त्यांनी स्वयंपाकघराकडे मान हलवली. बायको दारात उभी होती, नखांत काळा रंग.

मी उसळलोच. "माका कित्याक नाय सांगितलास?"

"सांगून तुमी काय केला असता?" ती म्हणाली. "थंयच रागान बसला असता. गणपती परत इलो तेच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा माका शिकवत हत. वरीसभर जुन्या पाटीवर काढतंय."

दोन महिने ज्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला ते काम माझ्यावाचून होऊन बसलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडासा, पण त्याच्यावर मोठा दगड होता.

बाबा म्हणाले, "आपल्या घरचो तुझ्यासाठी ठेवलो हा." कोपऱ्यात आमच्या घरचा गणपती होता, फक्त डोळे राहिलेले. पाहुण्यासाठी ताट झाकून ठेवावं तसा त्यांनी तो ठेवला होता. मी आंघोळ केली, पडवीचं दार लावलं, ब्रश घेतला. मूर्तीसाठी, तीन वर्षांनी. डावा डोळा झाला. उजवा झाला. मागे सरून पाहिलं, आणि पाहताक्षणी कळलं की नजर समोर नाही, कुठेतरी पलीकडे लागली आहे.

बाबा आत आले. मूर्तीसमोर वाकले. मला वाटलं, चालेल म्हणतील. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, दार उघडलं आणि तिला हाक मारली. ती आली, पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघता. मी उठलो आणि तिला बसायला जागा करून दिली.